नव्वदपर्यंत

माझ्या गाडीचा काटा पन्नासवर होता आणि पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून माझ्या लेकीच्या, ईराच्या वेणीची लाल रिबीन दिसत होती. रिबीन लहानही होत नव्हती आणि मोठीही. म्हणजे पुढची गाडीसुद्धा पन्नासनेच पळत होती.

"सापडलात, मामा," मी मोठ्यांदा म्हणाले. गाडीत ऐकायला कुणी नव्हतं.

तेरा वर्षं झाली या गोष्टीला. आम्ही तेव्हा धरणाखालच्या पाटबंधारे कॉलनीत राहत होतो. हेमंत, माझा नवरा, तिथे सेक्शन इंजिनिअर होता. कॉलनीत पस्तीस क्वार्टर्स, एक गणपतीचं देऊळ, एक कॅरमचा हॉल आणि भरपूर साप. शाळा अकरा किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी. कॉलनीतली बारा मुलं सर्जामामांच्या गाडीतून शाळेत जायची.

सर्जेराव घाडगे. सव्वीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी दहा सीटची गाडी घेतली आणि आमच्या मुलांची ने-आण सुरू केली. खाकी शर्ट अंगावरून उतरला नव्हता आणि एस.टी.चा पितळी बिल्ला आता गाडीतल्या गणपतीच्या फोटोशेजारी लावला होता. सव्वीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, हे ते ज्याला-त्याला सांगायचे, आणि ते खरं होतं.

गाडीत एक वही असायची. तीही मामांचीच कल्पना. बारा आयांनी बारा तोंडांनी सूचना दिल्या तर आपल्याला झेपणार नाही, म्हणून जे काय सांगायचं ते वहीत लिहायचं. "मुग्धाला खिडकीशी बसवू नये, सर्दी आहे." "सोहमचा डबा काल गाडीत राहिला." मामा प्रत्येक ओळीखाली लिहायचे, "वाचले. स. घाडगे." पहिल्याच पानावर सगळ्या आयांच्या सह्यांनिशी ठळक लिहिलं होतं की गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. तोच आकडा कागदावर लिहून मामांनी काट्याच्या वर, काचेला चिकटवला होता.

वहीतली निम्मी पानं माझ्याच अक्षरात होती. हेमंत म्हणायचा, "ही गाडीची वही नाही, तुझी रोजनिशी आहे." म्हणू दे. ईरा तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिच्या बाबतीत मी कुणावर काही सोपवून झोपत नव्हते. ताप मी दोन थर्मामीटरवर पडताळून पाहायचे. दूध उकळलं की नाही हे कामवाल्या बाईंच्या शब्दावर नाही, साय पाहून ठरवायचे.

आणि आदल्या दिवशी, सोमवारी, ईराचा ओठ फाटला होता.

कालव्याकाठचा सरळ रस्ता संपला की एक बाभूळ आहे, तिच्यापुढे उतार आणि मग ओढ्यावरचा फरशी पूल. त्या पुलाच्या तोंडाशी मक्याच्या वैरणीनं भरलेली बैलगाडी उभी होती. मामांनी ब्रेक मारला, पण गाडी थांबली ती वैरणीत नाक खुपसून. बैलांना काही झालं नाही, गाडीलाही नाही. मुलं मात्र पुढे फेकली गेली आणि ईराचा ओठ समोरच्या दांडीवर आपटला. दोन टाके पडले. मामा स्वतः तिला कडेवर घेऊन दवाखान्यात गेले होते. शर्टवर तिचं रक्त तसंच घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, चाळीसच होती. गाडी थांबलीच न्हाई जाग्याला."

म्हणून मंगळवारी सकाळी ईरा हट्टानं मैत्रिणींबरोबर गाडीत बसली, तेव्हा मी हेमंतची गाडी काढून मागे निघाले. आणि काटा पन्नास दाखवत होता.

शाळेच्या फाटकाशी मुलं उतरली. मामा पाण्याच्या बाटल्या ज्याच्या-त्याच्या गळ्यात अडकवत होते. मी जवळ गेले.

"मामा, सरळ रस्त्याला किती होता काटा?"

"आरशात बघितलं तुम्हाला. म्हटलं, ताई कुठं निघाल्या सकाळच्या पारी?" मग माझा चेहरा पाहून त्यांचा आवाज बदलला. "चाळीस होता."

"पन्नास होता. मी मागेच होते. एकसारखं अंतर ठेवून."

"चाळीस, ताई."

"मामा, कालच पोरीला टाके पडलेत. निदान आज तरी खरं बोला."

त्यांनी शेवटची बाटली हातातच धरून ठेवली. सोहम गळा पुढे करून वाट पाहत होता.

"स्टेरिंगवर हात ठिवून सांगतो," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं त्याच्यावर भाकरी खाल्ली. चाळीसच्या वर काटा गेला आसंल तर ह्यो हात झडंल. आन् ब्रेक मी बाभळीपाशीच दाबला, रोजच्या जागी. हल्ली गाडीच थांबाया जास्त जागा घेती. दोनदा ब्रेक उघडून बघितले मिस्त्रीनं. म्हनतो, काय न्हाई, नवेकोरे हायेत."

"म्हणजे चूक तुमची नाही, ब्रेकची नाही. मग कुणाची, मामा?"

त्यांनी बाटली सोहमच्या गळ्यात अडकवली, त्याची कॉलर नीट केली आणि गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, गप्प बसले म्हणजे कबूल झाले.

दुपारपर्यंत बातमी पस्तीस क्वार्टर्समध्ये पोचली. पोचवणाऱ्या कुंभोजकर वहिनी. मुग्धाच्या आजी, कॉलनीत सगळ्यात जुन्या, आणि आवाज असा की धरणाचे दरवाजे उघडल्याचं वाटावं.

"मी म्हणतच होते! म्हातारा झालाय तो. शनिवारी हॉलमध्ये सगळ्यांना बोलवते. सोमवारपासून दुसरी गाडी. माझ्या भाच्यानं नवीकोरी घेतलीये, एसीवाली."

"पण वहिनी, एकदम काढायचं म्हणजे…"

"काढायचं म्हणजे काढायचं. तू फक्त उभी राहून सांग, पन्नास पाहिलं म्हणून. तू शिकलेली, तुझ्या शब्दाला कोण नाही म्हणेल?"

ते मला पटलं, खोटं कशाला बोलू? मी फिजिक्सची बी.एस्सी., फर्स्ट क्लास. डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला मला कुणाची भीड नव्हती.

बुधवारी रात्री जेवताना हेमंतला सगळं सांगितलं. तो आमटीत भात कालवत ऐकत होता. मग म्हणाला, "त्यांचा काटा चाळीस म्हणतो, तुझा पन्नास. तुझा बरोबर कशावरून?"

"गाडी दोन वर्षांची आहे, हेमंत."

"मग काय झालं? तुमच्या लॅबमध्ये एकच व्होल्टमीटर वापरून निकाल लिहीत होतात का?"

हा माणूस लग्नानंतर सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या विषयात मला गाठत होता.

"आम्ही कालव्यात पाण्याचा वेग कसा मोजतो?" तो म्हणाला. "काठावर दोन खुंट्या ठोकतो आणि वर एक लाकडाचा तुकडा सोडतो. या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत किती सेकंद, बस. पाण्याला काटा नसतो, बाईसाहेब. तरी आमचा हिशेब चुकत नाही."

"रस्त्याला खुंट्या कुठे आहेत?"

"रस्त्याला किलोमीटरचे दगड आहेत की. चौदापासून एकोणीसपर्यंत, सगळा सरळ पट्टा. एका दगडावर विश्वास ठेवू नकोस, पाच घे."

गुरुवारी सकाळी तो त्याचं कालव्याचं स्टॉपवॉच गळ्यात अडकवून शेजारी बसला. मी गाडी चालवली. काटा पन्नासवर असा धरला, जसा लहान मुलाचा हात गर्दीत धरतात. पन्नासनं पाच किलोमीटरला सहा मिनिटं लागायला हवीत. एकोणिसाचा दगड गेला आणि हेमंतनं बटण दाबलं.

"साडेसहा."

"शक्य नाही."

"परत घे."

परत घेतलं, मग उलट्या बाजूनंही घेतलं. तरी साडेसहाच. मी रस्त्याच्या कडेला थांबून बोटांवर भागाकार केला. माझा पन्नास खरा पन्नास नव्हता. तो सेहेचाळीस होता.

"सगळ्या नव्या गाड्या थोडं जास्तच दाखवतात," हेमंत म्हणाला. "कंपन्या मुद्दामच तसं ठेवतात. कमी दाखवलं आणि कुणी पकडला गेला, तर बोंब कंपनीच्या नावानं. जास्त दाखवलं तर कुणी भांडायला येत नाही."

मी जरा वेळ स्टेरिंगवर बोटं वाजवत बसले. शनिवारी हॉलमध्ये उभं राहून मी "पन्नास" म्हणणार होते. ते खोटं ठरलं असतं. पण लगेच दुसरा विचार आला आणि मला धीर आला.

"तरी सेहेचाळीस म्हणजे चाळीस नाही. आणि सगळ्या गाड्या जास्तच दाखवत असतील, तर मामांच्या काट्यावर तेव्हा सेहेचाळीसहून जास्तच दिसत असणार. म्हणजे ते तर अगदीच धडधडीत खोटं बोलतायत."

हेमंतनं स्टॉपवॉच गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातलं. "मग त्यांच्या गाडीत बसून बघ."

शुक्रवारी मी बसले. ईराच्या ओठाला धक्का लागू नये म्हणून सोबत येते, असं सांगितलं. मामांनी पुढची सीट पुसून दिली, पण "बसा ताई" म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवर ईरा, गळ्यात स्टॉपवॉच. मामांना ते दिसलं असणारच. कॉलनीच्या फाटकाशी मी गाडीत किलोमीटरचा आकडा दाखवणारी चौकट पाहून ठेवली. काही विशेष कारण नव्हतं, समोर आकडे दिसले की मी वाचते.

मागे मुलांचा गोंगाट चालू होता. सोहम मुग्धाला विचारत होता, साप पोहतो की बुडतो. सरळ रस्ता लागला. मामांनी काटा चाळीसवर आणला आणि तो तिथे चिकटवल्यासारखा राहिला. सव्वीस वर्षांचा पाय होता तो. थरथर नाही, वर नाही, खाली नाही. वरच्या कागदावरचा आकडा आणि खालचा काटा एका रेषेत.

चौदाचा दगड येताच मी बटण दाबलं.

चाळीसनं पाच किलोमीटर म्हणजे साडेसात मिनिटं. मी काट्यावरून नजर काढली नाही. ईरा काहीतरी विचारत होती, मी फक्त "हं, हं" करत होते. एकोणीसचा दगड आला, बटण दाबलं, घड्याळ पाहिलं.

साडेसहा मिनिटं.

मी घड्याळ हलवून पाहिलं, कानाशीही लावलं. ते बिघडलेलं असतं तर मला केवढा आनंद झाला असता. काटा चाळीस दाखवत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गाडी सेहेचाळीसनं धावली होती, हेही मीच मोजलं होतं. शेजारी बसलेला माणूस खोटं बोलत नव्हता.

"काय म्हनतंय घड्याळ?" मामांनी समोर बघतच विचारलं.

"अजून बघतेय," मी म्हणाले.

शाळेशी उतरताना मी पुन्हा ती चौकट वाचली. कॉलनीपासून नऊ किलोमीटर आणि सहाशे मीटर झाले होते.

"मामा, शाळा अकरा किलोमीटरवर आहे ना?"

"हाय की. पैलं अकरा व्हायचं ह्याच्यावर. हल्ली साडेनऊच व्हतंय. आन् डिझेल हाय तेवढंच पितीया, म्हंजी बघा, अ‍ॅव्हरेज पाडलंय गाडीनं. म्हातारी झाली."

रस्ता कधी आखडतो का? मी गाडीला वळसा घालून मागे गेले आणि चाकांकडे पाहिलं. रोज पाहत होते, पण आज पाहिलं. मोठी, जाड, उंच चाकं.

"स्टेपनी काढता का जरा?"

"पंक्चर न्हाई की कुठं."

"काढा तर खरं."

त्यांनी गाडीखालून स्टेपनी काढली आणि मागच्या चाकाशेजारी उभी केली. ती सहा बोटांनी बुटकी होती.

"ही मूळची?"

"व्हय. ही मोठी आषाढात बसवली. पावण्याची जीप भंगारात निघाली, तिची. उंची वाढावी म्हून…" ते पुढे काहीतरी बोलणार होते. मग माझ्याकडे एकदा पाहून त्यांनी स्टेपनीवरची धूळ झटकली. "बरी हायेत तशी. मजबूत."

माझ्या पर्समध्ये नेहमी शिवणकामाची टेप असते. शाळेच्या फाटकाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी दोन्ही चाकांना टेप गुंडाळून मापं घेतली. एका फेऱ्यात फुटाचा फरक. मी एस.टी.नं परत आले, आणि सबंध रस्ताभर मला स्वतःचा अभिमान वाटत होता. हे कुणाच्या बापाला सुचलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी कॅरमचा हॉल भरला. कुंभोजकर वहिनी मधल्या खुर्चीत. मामा दाराशी उभे, धुतलेला खाकी शर्ट, काखेत ती वही. कुणीतरी खुर्ची दिली तर म्हणाले, "र्‍हाऊ दे, बरं हाय."

"हं, बोल गं," वहिनी म्हणाल्या. "पन्नास पाहिलंस की नाही?"

"पाहिलं," मी म्हणाले. "पण ते चुकीचं होतं."

मी सगळ्यांना अंगणात नेलं. हेमंतनं स्टेपनी आणून ठेवली होती, मामांच्या गाडीचं एक चाकही उतरवून घेतलं होतं. खडूनं रेघ मारली, दोन्ही चाकं रेघेवर उभी केली आणि दोन आयांना ती एक-एक फेरा लोटायला सांगितली. छोटं चाक थांबलं. मोठं त्याच्या फूटभर पुढे जाऊन थांबलं.

"गाडीचा काटा रस्ता मोजत नाही," मी म्हणाले. "चाकाचे फेरे मोजतो. काट्याला अजून वाटतंय की खाली छोटंच चाक आहे. दर फेऱ्याला गाडी फूटभर जास्त पळते आणि काट्याला त्याचा पत्ताच नाही. मामांच्या काट्यावर चाळीस होतं. ते खरं बोलत होते. गाडी सेहेचाळीसनं जात होती, तेही खरं आहे. म्हणून ब्रेक लागायला जागा जास्त. वेग सातव्या हिश्श्यानं वाढला, तर थांबायची जागा तिसऱ्या हिश्श्यानं वाढते. सोमवारी बैलगाडी त्या तिसऱ्या हिश्श्यात उभी होती."

मला टाळ्यांची अपेक्षा होती असं नाही म्हणणार, पण थोडी होती. एकदोन जण "अरे वा" म्हणालेही. तेवढ्यात कुंभोजकर वहिनींचा आवाज आला.

"ते सगळं खरं गं. पण चाकं कुणी बदलली? आपल्याला विचारलं होतं का? मुलांच्या गाडीत भंगाराची चाकं घालायची अक्कल कुणी दिली यांना? सांगा की हो, घाडगे!"

सगळे मामांकडे वळले.

मामांनी काखेतली वही हातात घेतली. मला वाटलं, ते उघडणार. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, अंगठा एका ठिकाणी पानांमध्ये घातला आणि तसाच ठेवला. ते वहिनींकडे पाहत नव्हते. माझ्याकडे तर मुळीच नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "इचारायला पायजे होतं."

त्यांचा अंगठा कुठल्या पानात होता, ते मला तेव्हा कळलं. म्हणजे पान आठवलं नाही, अक्षर आठवलं. निळी शाई. आषाढात ओढ्याला पाणी आलं होतं, फरशीवरून गाडी जाताना आत पाणी शिरलं होतं आणि ईराचे बूट-मोजे भिजले होते. तिला दोन दिवस कणकण होती. त्या दोन दिवसांत मी जे काही लिहिलं, त्यातलं एक हे.

मी मामांसमोर गेले. "द्या इकडे."

"ताई, ऱ्हाऊ द्या."

"द्या म्हणते ना."

त्यांनी अंगठा न काढताच वही पुढे केली. मी तेच पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. माझ्या आवाजात माझंच अक्षर.

"'आज फरशीवर गाडीत पाणी आले. ईराचे पाय भिजले. गाडी उंच करून घ्यावी. कशी ते तुम्ही पाहा. आठ दिवसांत न झाल्यास मी मुलीला पाठवणार नाही. सौ. वृषाली देवस्थळी.' 'उंच' या शब्दाखाली दोन रेघा आहेत." मी बोट खाली सरकवलं. "त्याखाली, 'वाचले. करतो. स. घाडगे.' आणि सहा दिवसांनी पुन्हा माझं. 'गाडी उंच केलीत, फार बरे झाले.'"

हेमंत हातातला खडू पुसत होता. वहिनी काहीतरी म्हणायला लागल्या, मग त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "माझ्या भाच्याच्या गाडीला तरी काय, फरशीवरून ती गेलीच नसती. फारच बुटकी आहे."

लोक हसले. विषय संपला होता. मामांना कुणी काढणार नव्हतं. मी सुटकेचा श्वास टाकून त्यांच्याकडे वळले, तर ते हॉलच्या पायरीवर बसले होते.

"मामा, झालं की. तुम्ही खरे होतात."

"व्हय," ते म्हणाले. "पर चाळीसनं न्हवतो चालवत."

"ते तुम्हाला कसं कळणार?"

"आषाढापासनं, ताई. रोज दोन येळा. बारा पोरं." ते बोटांनी गुडघ्यावर काहीतरी मोजत होते. "मी काट्याकडं बघून छाती फुगवून बसत होतो. शेजारनं झाडं जास्त पळत हायेत, हे डोळ्याला दिसत होतं की. सव्वीस वर्षं डोळ्यानं गाडी चालवली आन् शेवटाला काट्याचं ऐकलं."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. अभिमानाचा लवलेशही उरला नव्हता. माझ्या दोन थर्मामीटरांनी, माझ्या दोन रेघांनी माझ्याच लेकीची गाडी पळवली होती, आणि हा माणूस सगळ्या कॉलनीपुढे ते आपल्या अंगावर घेऊन उभा राहिला होता.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "इचारायला पायजे होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदा हसले. "ताई, तुम्हाला न्हाई जमत आमची बोली."

चाकं त्या पावसाळ्यापुरती तरी हवीच होती, ओढ्याला अजून पाणी होतं. मग मी घरातून लाल नेलपॉलिश आणलं आणि काट्याच्या काचेवर पस्तीसशी रेघ ओढली. मामांनी कागदावरचा चाळीसचा आकडा काढला नाही. म्हणाले, "तो ऱ्हाऊ दे. तो रस्त्याचा. ही रेघ गाडीची."

"आणि रेघही चुकली तर?"

"मग दगड हायेत की."

सोमवारी मी मागे गेले नाही. संध्याकाळी ईरा धावत घरात आली, ओठाचे टाके विसरून. "आई, आज मामांनी आम्हाला दगड मोजायला लावले! एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत नव्वद व्हायला पाहिजे. दगड आधी आला तर मामा म्हणतात, पोरांनो, मी चुकलो. आणि सोहमला एकोणऐंशी म्हणताच येत नाही, तो अठ्ठ्याहत्तरनंतर परत सत्तरवर येतो!"

रोज सकाळी कालव्याकाठानं एक गाडी बारा गळ्यांनी आकडे ओरडत जायची. शेतातली माणसं मान वर करून पाहायची. आमची पोरं पहिलीत जायच्या आधी नव्वदपर्यंत बिनचूक शिकली. वहीत शाळेच्या बाईंनी तसं लिहूनही पाठवलं. खाली होतं, "वाचले. स. घाडगे."

त्यानंतर दोन वर्षांनी आमची बदली झाली.

गेल्या महिन्यात ईरानं पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर गाडी चालवली. अठरा पूर्ण, लायसन्स नवं. मी शेजारी, माझ्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर दोन्ही पाय दाबून. नव्या गाडीत काटाच नाही, मोठे हिरवे आकडे उमटतात. ते साठ दाखवत होते. मी काही बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. नजर रस्त्यावर होती, हात नीट होते, आणि ओठ हलत होते. ओठाच्या डाव्या बाजूला अजून ती बारीक पांढरी खूण आहे. ती पुटपुटत होती.

"सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ…"

चौसष्टला दगड मागे गेला. माझी लेक आकड्यांकडे पाहून म्हणाली, "साठ मोजून झाल्यावर आला दगड. ही गाडीसुद्धा जास्तच दाखवते, आई."

मी पाय ब्रेकवरून काढून घेतले.